टीव्हीवर थ्रीडी गेम नीट लागत नाही? नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी हे बघा

दुकानात आलेला माणूस खालीलपैकी एखादी तक्रार सांगतो आणि वाक्य संपायच्या आतच विचारतो, "मोठं कार्ड टाकू का?" म्हणून आधी तक्रारी, जशा कानावर येतात तशाच:

- "दोन-दोन दिसायलेत की." एकाच गेमची दोन अरुंद, लांबुळकी चित्रं शेजारी शेजारी.
- चष्मा घातला तरी सगळं सपाट.
- खोली (जवळ-लांबचा भास) दिसते पण उलटी. हातातली बंदूक लांब आणि मागचा डोंगर नाकाशी.
- प्रत्येक खांबाला, प्रत्येक अक्षराला शेजारी एक पुसट जुळं.
- साधा गेम लोण्यासारखा, थ्रीडी लावलं की बैलगाडी.
- रात्री चित्र लुकलुकतं, दिवसा नाही.
- काल चालत होतं, आज एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधून थ्रीडीचा पर्यायच गायब.
- अर्ध्या तासात डोकं धरतं.
- वीस मिनिटं झकास, मग पडदा काळा किंवा अख्खं मशीन बंद.

शेवटच्या तक्रारीत, आणि कधी कधी बैलगाडीच्या तक्रारीत, कार्डाचा संबंध असू शकतो. बाकीच्यांत नवीन कार्ड घातलंत तर तीच तक्रार नवीन कार्डावर दिसते, एवढंच. सोलापुरात नवी पेठेजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. कार्ड विकलं तर मला दोन पैसे सुटतात, पण आठ दिवसांनी तोच माणूस तोंड पाडून परत आला की ते पैसे गोड लागत नाहीत.

थ्रीडी टीव्ही आता नवीन मिळतच नाहीत. सॅमसंगने २०१६ मध्ये आणि एलजी, सोनीने २०१७ मध्ये नव्या मॉडेलांतून ती सोय काढली. त्यामुळे माझ्यापुढे येतात ते २०१० ते २०१६ या काळातले टीव्ही, बहुतेक वेळा कुणाकडून तरी हौसेने उचललेले, आणि सोबत चष्मे असलेच तर दोन.

पहिली तपासणी: एक डोळा मिटा

खर्च शून्य. टीव्ही थ्रीडीत ठेवा, चष्मा घाला, एकदा डावा डोळा मिटून बघा, एकदा उजवा. जवळची वस्तू मागच्या भिंतीच्या तुलनेत थोडी डावी-उजवी सरकली पाहिजे. सरकली तर दोन्ही डोळ्यांना वेगळी चित्रं पोचतायत, म्हणजे टीव्ही, चष्मा, वायर आणि कार्ड आपापलं काम करतायत. सरकली नाही तर पुढे वाचा.

सरकते, पण तरीही खोली दिसत नाही, असंही होतं. जुळे सोलापुरातले एक काका तीनदा मशीन घेऊन आले. मुलाला थ्रीडी दिसायचं, त्यांना नाही. दोन कार्डं बदलून झाली होती, माझ्याकडे यायच्या आधी. मी त्यांना एकेक डोळा मिटून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. डाव्या डोळ्याने त्यांना तारखासुद्धा धड दिसत नव्हत्या. लहानपणापासूनचं होतं, त्यांना कधी जाणवलंच नव्हतं. दोन्ही डोळे सारखे काम करत नसतील, तिरळेपणा असेल किंवा एक डोळा आळशी राहिला असेल, तर मेंदू दोन चित्रांची खोली बनवत नाही. ह्याला इलाज माझ्याकडे नाही, नेत्रतज्ज्ञांकडे जा. घरात कुणाला फिट येत असतील तर लुकलुकणाऱ्या चष्म्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका.

दुसरी: रिमोटवरचं थ्रीडी बटण

दोन-दोन चित्रं दिसण्याचं कारण जवळजवळ नेहमी हेच. टीव्हीला थ्रीडी चित्र पाठवायच्या दोन पद्धती आहेत. एक फ्रेम पॅकिंग: दोन्ही डोळ्यांची पूर्ण चित्रं एकावर एक रचून पाठवतात आणि सोबत "हे थ्रीडी आहे" अशी खूणही जाते, मग टीव्ही आपोआप थ्रीडीत शिरतो. दुसरी साइड-बाय-साइड किंवा टॉप-अँड-बॉटम: दोन चित्रं दाबून एका साध्या चित्राच्या जागेत बसवतात. कॉम्प्युटरवरून हे जातं तेव्हा खूण जात नाही. टीव्हीच्या दृष्टीने ते साधं चित्र असतं, त्यात दोन माणसं आहेत की एक हे त्याला काय माहीत. तुम्हीच रिमोटवरून थ्रीडी आणि मग साइड-बाय-साइड निवडायचं.

खोली उलटी दिसत असेल तर त्याच मेनूत डावं-उजवं अदलाबदल करायचा पर्याय असतो. एकदा दाबा, डोंगर परत मागे जातो.

बटण दाबूनही पर्याय करडाच राहतो? काही टीव्हींत त्या एचडीएमआय पोर्टला "पीसी" असं नाव दिलं की थ्रीडीचे पर्याय कमी होतात किंवा बंद पडतात. नाव बदलून बघा. नाव बदलल्यावर गेम मोड मात्र पुन्हा लावा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते आणि दोष पुन्हा कार्डावर येतो.

तिसरी: चष्मा

चष्म्यात सेल आहे का बघा. नसेल तर टीव्ही पॅसिव्ह, म्हणजे पडद्याच्या एक सोडून एक ओळी डाव्या-उजव्या डोळ्याला वाटून दिलेल्या. एलजीचे सिनेमा थ्रीडी लिहिलेले टीव्ही हे असे. याला रियलडीवाल्या थिएटरातून आणलेला चष्माही चालतो. सेल असेल तर टीव्ही ॲक्टिव्ह, आणि चष्म्याच्या काचा आळीपाळीने काळ्या होतात.

ॲक्टिव्ह चष्म्यात सेल उतरला की तो मध्येच झोपतो आणि चित्र सपाट होतं. सॅमसंगच्या बऱ्याच चष्म्यांत सीआर २०२५ सेल असतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. आणखी एक घोळ: सॅमसंगचे २०१० चे चष्मे इन्फ्रारेडवर चालतात, २०११ पासूनचे ब्लूटूथवर. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. टीव्ही एकाकडून आणि चष्मे दुसऱ्याकडून घेतले असतील तर आधी हे जुळवा.

चौथी: ट्यूब बंद करा

रात्रीच लुकलुकतं त्याचं कारण टीव्हीत नाही, छताला आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. ॲक्टिव्ह चष्म्याच्या काचा ६० हर्ट्झवर दोन्ही मिळून १२० वेळा उघडझाप करतात. १२० आणि १०० यांचं जमत नाही, आणि त्यातल्या २० च्या फरकाची लुकलुक डोळ्याला जाणवते. ट्यूब घालवून एलईडी लावा, किंवा गेम खेळताना दिवाच मालवा. कार्डाच्या सेटिंगमध्ये ७२०पी (७२० ओळींचं चित्र) ५० हर्ट्झ मिळत असेल तर तेही करून बघा, मग १०० ला १०० जुळतं.

पाचवी: टीव्ही किती उंच टांगलाय

ही फक्त पॅसिव्ह टीव्हीवाल्यांसाठी, पण यावर थोडं थांबायला हवं, कारण जुळी सावली दिसते म्हणून लोक सर्वांत जास्त पैसे यातच घालवतात.

आपल्याकडे टीव्ही शोकेसच्या वर, जवळजवळ माळ्याला टेकून लावायची पद्धत. आणि गेम खेळणारी पोरं खाली चादरीवर बसलेली. पॅसिव्ह पडद्याच्या ओळींवर बसवलेली पट्टी समोरून बघायला केलेली असते. खालून तिरकं बघितलं की एका ओळीचा उजेड शेजारच्या ओळीच्या पट्टीतून बाहेर पडतो आणि डाव्या डोळ्याचं चित्र उजव्यात सांडतं. अशोक चौकातल्या एका घरी मी गेलो तर पोरगा म्हणाला, "अण्णा, बाबा बसले की नीट दिसतं, मी बसलो की डबल." बाबा खुर्चीवर बसत होते, पोरगा जमिनीवर. मी त्याला जमिनीवरून उठवून स्टुलावर बसवलं आणि माझं काम तिथेच संपलं. भिंतीचा ब्रॅकेट खाली वाकवता येत असेल तर तो वाकवा.

डोळे पडद्याच्या मध्याशी सरळ रेषेत असूनही सावली राहिली तर चित्र ताणलं जातंय का बघा. बहुतेक टीव्ही आलेलं चित्र कडेने थोडं कापून मोठं करतात. ओळीवर ओळ बसली नाही की पॅसिव्ह थ्रीडीचा चुथडा. एलजीत "जस्ट स्कॅन", सॅमसंगमध्ये "स्क्रीन फिट", सोनीत "फुल पिक्सेल" निवडा. एएमडी कंपनीचं रेडिऑन कार्ड असेल तर उलटा प्रकार होतो: ते एचडीएमआयवर चित्र आक्रसून चारही बाजूंनी काळी किनार सोडतं. सॉफ्टवेअरमध्ये एचडीएमआय स्केलिंगचा दांडा शून्यावर आणा. साइड-बाय-साइडमध्ये डावी किनार एका डोळ्याच्या चित्रात आणि उजवी दुसऱ्याच्या चित्रात जाते आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर बसत नाहीत.

सहावी: शिंप्याची टेप

डोकं धरतं त्यांच्यासाठी. टीव्ही थ्रीडीत ठेवा, गेममध्ये लांबचा डोंगर किंवा चंद्र दिसेल अशा जागी जाऊन थांबा, आणि चष्मा काढा. त्या चंद्राच्या दोन प्रती दिसतील. त्यांच्यातलं अंतर पडद्यावर टेप लावून मोजा. सोलापुरात गल्लोगल्ली युनिफॉर्म शिवणारे आहेत, टेप मागायला लाजू नका.

मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांत साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. चंद्राच्या प्रतींमधलं अंतर त्याहून जास्त भरलं तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं, जे ते एरवी कधीच करत नाहीत. डोकं दुखतं ते यामुळे. मॉनिटरसाठी ठेवलेली खोली ५५ इंची टीव्हीवर तशीच नेली की हटकून असं होतं, कारण चित्र दुपटीहून मोठं झालं की हे अंतरही तितकंच वाढतं. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे १०८०पी चित्रात १०० पिक्सेलच्या पुढे गेलात की साडेसहा सेंटीमीटरची मर्यादा जवळजवळ संपली. मी पाच सेंटीमीटरवर ठेवतो. लहान मुलं खेळणार असतील तर अजून कमी, त्यांचे डोळे जवळ जवळ असतात. एनव्हिडियाच्या जुन्या थ्रीडी व्हिजनमध्ये (गेम थ्रीडीत दाखवणारी त्यांची सोय) कंट्रोल आणि एफ३, एफ४ ने खोली कमी-जास्त होते. सुरुवातीला ती १५ टक्क्यांवर असते, आणि ते उगाच नाही.

सातवी: वायर कुठून कुठे गेलीय

मशीनच्या मागे वाका. एचडीएमआय वायर मदरबोर्डच्या पोर्टात लावलेली असते आणि खाली आडवं बसलेलं कार्ड रिकामं बसून असतं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता ग्राहकाला फोनवरच मागचा फोटो पाठवायला सांगतो. अशा वेळी गेम प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालतो आणि माणूस म्हणतो, कार्ड कमी पडतंय.

वायर मधल्या स्प्लिटर, साउंडबार किंवा ॲम्प्लिफायरमधून जात असेल तर तो काढून थेट लावा. टीव्ही आपण थ्रीडीवाला आहे ही माहिती त्याच वायरीतून कार्डाला देतो. मधला डबा एचडीएमआय १.४ च्या आधीचा असेल तर ही माहिती गाळली जाते आणि कार्डाला समोर साधा टीव्ही दिसतो. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय करणारे स्वस्त अडॅप्टरही हाच घोळ घालतात. कार्डाच्या स्वतःच्या एचडीएमआय पोर्टातून, हाय स्पीड लिहिलेल्या वायरीने, मध्ये काही न घालता. वायर लावताना-काढताना टीव्ही आणि मशीन दोन्हींचे विजेचे प्लग काढा. का ते शेवटी येईल.

आठवी: १०८०पी निवडलंत का?

बैलगाडीचं सर्वांत मोठं कारण. एचडीएमआय १.४ च्या टीव्हींना फ्रेम पॅकिंगमध्ये दोनच गोष्टी हमखास येतात: १०८०पी सेकंदाला २४ चित्रं, किंवा ७२०पी सेकंदाला ५० किंवा ६०. चोवीस हा आकडा सिनेमासाठी ठेवलाय. गेममध्ये चोवीस म्हणजे एक चित्र जवळपास ४२ मिलिसेकंद पडद्यावर खिळलेलं. साठ असेल तर १७ च्या आत. माणूस मोठा आकडा बघून १०८०पी निवडतो, गेम अडकतो, आणि दोष कार्डाचा. त्या २४ च्या वर जगातलं कुठलंही कार्ड जाणार नाही, कारण टीव्हीच तेवढं घेतो. ७२०पी ६० करा. चित्र थोडं जाड दिसेल, पण पळेल. बारीक चित्रही हवं आणि ६० ही, तर १०८०पीमध्ये साइड-बाय-साइड वापरा. प्रत्येक डोळ्याला आडवे ९६० पिक्सेल मिळतात. पॅसिव्ह टीव्हीला टॉप-अँड-बॉटम जास्त शोभतं, कारण त्याच्या वरून खाली रचलेल्या ओळी तशाही अर्ध्या वाटल्या जातात, मग आडवे पिक्सेल कशाला घालवायचे.

नववी: ड्रायव्हर रात्रीत बदलला का

काल होतं, आज नाही. एनव्हिडियाने थ्रीडी व्हिजनचा पाठिंबा २०१९ च्या एप्रिलमध्ये थांबवला. ४२५.३१ हा ती सोय असलेला शेवटचा अधिकृत ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. विंडोज अपडेट न विचारता नवा ड्रायव्हर बसवतं आणि कंट्रोल पॅनलमधून स्टिरिओस्कोपिक थ्रीडीचं पान नाहीसं होतं. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या फुकट साधनाने, सेफ मोडमध्ये जाऊन, जुनं सगळं पुसा, इंटरनेटची वायर काढून ठेवा, जुना ड्रायव्हर घाला, मग विंडोजला ड्रायव्हर आपोआप घ्यायला मनाई करा. आणि ज्यांचं हे जुनं गाडं व्यवस्थित चालू आहे त्यांनी उगाच त्याला हात लावू नये. एक जण नवीन गेमसाठी ड्रायव्हर चढवून आला आणि आठवडाभर जुन्या अवस्थेला यायची वाट बघत बसला.

दहावी: ताकद मोजा, अंदाज करू नका

आता कुठे कार्डाची पाळी. खऱ्या थ्रीडीत गेम प्रत्येक दृश्य दोनदा काढतो, डाव्यासाठी एकदा, उजव्यासाठी एकदा. त्यामुळे साध्या खेळात जेवढी चित्रं सेकंदाला येतात त्याच्या साधारण निम्मी थ्रीडीत येतात. टीव्हीवर ६० हवी असतील तर साध्या १०८०पीमध्ये ११०-१२० यायला हवीत. थ्रीडी बंद करून मोजा.

आकडा कमी आला तर लगेच कार्ड घेऊ नका. गेमचं रिझोल्यूशन ७२०पीवर आणा आणि परत मोजा. आकडा चांगला वर गेला तर कार्ड कमी पडत होतं. जिथल्या तिथे राहिला तर अडचण प्रोसेसरची आहे. प्रत्येक दृश्य दोनदा काढायचा हुकूम प्रोसेसरच देतो, त्यामुळे थ्रीडीत तो बऱ्याचदा कार्डाच्या आधी दमतो. जुन्या चार कोरच्या मशीनमध्ये महागडं कार्ड घालून काही फरक पडला नाही, असं सांगणारे सगळे इथे अडकलेले असतात.

अकरावी: कापसाची फी

ही तपासणी इतर गावांत लिहिलीच नसती, सोलापुरात लिहावीच लागते. पूर्व भागात, यंत्रमागांच्या आसपास राहणाऱ्यांच्या मशीनमध्ये धूळ येत नाही, फी येते, म्हणजे सुताची उडणारी बारीक लव. साखर पेठेतलं एक कार्ड मी उघडलं, तर पंख्यामागच्या पत्र्यांवर टॉवेलाच्या कडेसारखा पांढरा-निळा नमदा बसला होता. चिमटीत धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, पत्र्यांच्या खाचा त्यावर उमटलेल्या. कारखान्यात त्या आठवड्यात निळ्या रंगाचा माल चालू होता.

त्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे. जीटीएक्स १० मालिकेतली कार्डं ८३ अंशांच्या आसपास पोचली की स्वतःहून वेग कमी करतात. सुरुवातीला नीट, मग बैलगाडी, ही खूण यांची. जीपीयू-झेड हे फुकट साधन घालून तापमान बघा. साफ करायचं तर मशीन बंद, प्लग बाहेर, मऊ ब्रश आणि ब्लोअर. पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने तो मोकाट फिरू देऊ नका. इथपर्यंत घरी करा. कार्डाचा हीटसिंक काढून पेस्ट बदलायची असेल आणि पूर्वी कधी केली नसेल, तर पहिला प्रयोग स्वतःच्या कार्डावर नको.

मग कार्ड कोणतं?

एवढं करूनही कार्डच कमी पडतं असं ठरलं, तर ताकदीच्या आधी तारीख बघा.

फ्रेम पॅकिंगवालं जुनं थ्रीडी व्हिजन हवं असेल तर कार्ड एनव्हिडियाचंच आणि ४२५.३१ ला ओळखीचं, म्हणजे एप्रिल २०१९ च्या आधी आलेलं. जीटीएक्स ९७०, १०६०, १०७०, १०८०, १६६० टीआय, आणि आरटीएक्स २०६० पासून २०८० टीआयपर्यंत. याच नावाची "सुपर" लागलेली कार्डं नंतर आली, जीटीएक्स १६५० सुद्धा त्याच महिन्यात पण त्या ड्रायव्हरनंतर. ३०, ४० मालिकांचा तर प्रश्नच नाही. नवीन कार्ड महाग म्हणून चांगलं हा हिशेब इथे उलटा पडतो.

माझी शिफारस विचाराल तर जीटीएक्स १०७०. १५० वॅट, ८ जीबी, एकच ८ पिनची वायर, आणि ७२०पी ६० ला पुरून उरतं. १०६० घ्यायचं तर ६ जीबीवालं. ३ जीबीवाल्यात नुसती मेमरी कमी नाही, कोरही कमी आहेत, १२८० ऐवजी ११५२. १०८० टीआय २५० वॅट खातं, त्याला एनव्हिडियाच ६०० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) सांगते, आणि आपल्या घरच्या उन्हाळ्यात ती खोलीत दुसरी शेगडी.

दुसरा रस्ता: गेम थ्रीडीत दाखवणारी जिओ-११ सारखी साधनं किंवा रीशेडमधलं सुपरडेप्थ थ्रीडी. यांना जुना ड्रायव्हर लागत नाही, आजचं कार्डही चालतं, रेडिऑनही. जिओ-११ डायरेक्टएक्स ११ च्या गेमांत खरी दोन चित्रं काढतं, त्यामुळे निम्म्याचा हिशेब इथेही लागू. सुपरडेप्थ एकाच चित्राच्या खोलीच्या माहितीवरून दुसरं बनवतं. ते हलकं आहे, पण माणसाच्या कडेला पाण्यासारखी लहर दिसते. मला ती चालते, माझ्या भाच्याला नाही. त्यात सपाटच दिसत असेल तर गेममधलं एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सोय) बंद करून बघा. ऑनलाइन गेममध्ये यातलं काहीही लावू नका, फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेला ते आवडत नाही आणि खातं जाऊ शकतं.

रेडिऑनचं जुनं एचडीथ्रीडी हे बाहेरच्या सॉफ्टवेअरवर उभं होतं, ती सॉफ्टवेअरं बंद पडली. तेव्हा रेडिऑन घेणार असाल तर दुसराच रस्ता.

जुनं कार्ड घेताना विकणाऱ्यासमोर जीपीयू-झेड चालवा. जुनाट कार्डावर नवं नाव चढवून विकायचा धंदा आहे, हे साधन नावाआधी सरळ "फेक" लिहून दाखवतं. आणि पंधरा मिनिटं गेम चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. "अण्णा, विश्वास नाय का?" असं म्हणतील. आहे म्हणा, आणि गेम चालवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा टीव्हीच्या मागे हात लावला की मुंग्या येतात? तपासणी तिथेच बंद. घराला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. टीव्ही दोन पिनांवर, कॉम्प्युटर तीन पिनांवर, आणि मध्ये एचडीएमआय वायर: मशीन चालू असताना ती खुपसली की फरकाचं सगळं व्होल्टेज त्या नाजूक पोर्टातून जातं. मी बघितलेले मेलेले एचडीएमआय पोर्ट बरेचसे असेच मेलेत. वर प्लग काढायला सांगितलं ते यासाठी. इलेक्ट्रिशियन बोलवा, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट भरतात ते मोजायला सांगा. दोन-तीनच्या आत हवेत. तो "चालतंय की" म्हणाला तर दुसरा बोलवा.

लोड आला की मशीन बंद पडत असेल तर संशय एसएमपीएसवर. दुसरा चांगला लावून बघणं ही तपासणी, उघडून बघणं नाही. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव राहतो. जळका वास, फुगलेला कपॅसिटर, पिवळसर पडलेला पिनांचा कनेक्टर, यातलं काही दिसलं तर मशीन चालू न करता आणा.

टीव्हीचं मागचं झाकण कुणीही घरी उघडू नये, प्लाझ्मा असेल तर मुळीच नाही. पोर्ट मेला असेल तर आधी टीव्हीचे बाकीचे पोर्ट वापरून बघा. सगळेच गेले असतील तर बोर्ड दुरुस्त होतो, पण खर्च आधी विचारून घ्या. पॅनलवर रेघा आल्या असतील तर त्यात पैसे घालू नका, त्या मॉडेलचं पॅनल मिळणं अवघड आणि मिळालं तरी टीव्हीपेक्षा महाग. अशा टीव्हीबरोबर पॅसिव्ह चष्मेही भंगारात देतात लोक. ते देऊ नका, दुसऱ्या पॅसिव्ह टीव्हीला तेच लागतात. माझ्या काउंटरच्या खालच्या खणात असे सात आहेत. कुणाला दोन कमी पडत असतील तर मागून न्या, परत आणून द्या म्हणजे झालं.